चेंडू पायात नसताना

चाळिशी आली की आपल्याकडे माणूस काहीतरी धरतो. कुणी सिंहगड धरतो, कुणी पहाटेचे सूर्यनमस्कार, कुणी गाण्याचा क्लास. मी फुटबॉल धरला. तोही अकरा जणांचा, मोठ्या मैदानावरचा नव्हे. रात्री साडेनऊला जाळीच्या आत, कृत्रिम गवतावर, पाच विरुद्ध पाच असा तासाच्या भाड्याने खेळायचा. पुण्यात हल्ली जिथे मंगल कार्यालय चाललं नाही किंवा बिल्डरचं काम अडलं, तिथे टर्फ उभं राहतं. ऑफिसातल्या पोरांना दहावा भिडू कमी पडत होता, एवढीच माझी पात्रता. लहानपण सगळं टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये गेलेलं. फुटबॉल म्हणजे चार वर्षांनी एकदा रात्री जागून बघायची गोष्ट. त्याला आता बरेच पावसाळे झाले. मी चांगला खेळतो असं आजही कुणी म्हणणार नाही. पण टीम पाडताना मी कुणाच्या वाट्याला आलो तर तो आता उसासा टाकत नाही. मधल्या काळात जे कळलं ते असं.

१. चेंडू आपल्या वाट्याला फारच थोडा येतो. दहा माणसं, साठ मिनिटं. त्यातून चेंडू जाळीवर अडकलेला, कुणाची तरी नाडी सुटलेली, कुणी पाणी पितोय, हा सगळा वेळ वजा करा. जे उरेल ते समान वाटलं तरी माणशी पाच मिनिटंही येत नाहीत, आणि नवशिक्याला समान वाटा कोण देतो? माझ्याकडे तासाभरात मिनिट-दीड मिनिट चेंडू असेल. आणि मी गच्चीत मोबाइल कठड्याला टेकवून, व्हिडिओ बघत, सराव कसला करायचो तर चेंडूवरून पाय फिरवून समोरच्याला चकवण्याचा. म्हणजे त्या दीड मिनिटाचा. उरलेल्या साडेअठ्ठावन्न मिनिटांत माणसाने काय करायचं असतं, हे मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. ते आमच्यातल्या कोल्हापूरकराने न विचारता सांगितलं. वयाने माझ्या निम्मा, तिकडच्या पेठेत वाढलेला, बोलायला गोड आणि खेळायला निर्दय. म्हणाला, "सर, तुम्ही पास दिला की प्रेक्षक होताय बघा." होत होतोच. पास बरा गेला की कमरेवर हात ठेवून पुढे काय होतंय ते कौतुकाने बघत उभा राहायचो. त्या दिवसापासून एकच केलं: पास सुटला की चार पावलं कुठेतरी जायचं. नेमकं कुठे, हे कळायला वेळ लागतो. पण नुसतं हललं तरी आपल्यावर लक्ष ठेवणाऱ्याला मान वळवावी लागते आणि तेवढ्यात आपल्यातल्या कुणाचं तरी फावतं. माझ्या पायातली कला तसूभरही वाढली नव्हती, तरी माझ्याकडे पास यायला लागले. याचं मला अजूनही नवल वाटतं, आणि गच्चीत घालवलेल्या संध्याकाळींचं थोडं वाईट.

२. हा मोठ्या फुटबॉलचा धाकटा भाऊ नाही, हा वेगळाच खेळ आहे. मोठं मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर, त्यात बावीस जण. म्हणजे माणशी सव्वातीनशे चौरस मीटरच्या आसपास जागा. फुटसालचं मैदान ४० बाय २०, खेळाडू दहा. माणशी ८० चौरस मीटर. पुणेकराला कळेल अशा हिशेबात सांगायचं तर तिकडे प्रत्येकाला बंगल्याचा प्लॉट मिळतो आणि इथे टू बीएचके. आमचं टर्फ त्याहूनही लहान, म्हणजे वन आरकेच म्हणा. फुटसालचा जन्मच जागेच्या टंचाईतून झाला. १९३० मध्ये उरुग्वेच्या मोंटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने वायएमसीएतल्या मुलांना छताखाली खेळता यावं म्हणून तो बसवला. एका बाजूला पाच खेळाडू ही कल्पना बास्केटबॉलमधून आली. पुढे त्याचा चेंडूही वेगळा झाला, चार नंबरचा, मुद्दाम कमी उसळणारा. आमच्या टर्फवर मिळतो तो पाच नंबरचा, दगडासारखा फुगवलेला, टप्पा पडला की थेट छातीवर येणारा. असो. मुद्दा असा की इथे लांब किकला अर्थ नाही, ऑफसाइड नाही आणि सलग धावणंही नाही. मी दम वाढवायचा म्हणून जिममध्ये ट्रेडमिलवर पाच-पाच किलोमीटर पळत होतो. त्या दमाचा टर्फवर फारसा उपयोग झाला नाही, कारण इथे दहा-बारा पावलांचा झपाटा असतो, लगेच थांबायचं असतं, वळायचं असतं आणि परत झपाटा. थांबायला दम लागतो ही गोष्ट मला कुणी सांगितली असती तर मी हसलो असतो.

३. पहिला स्पर्श चांगला झाला की बाकीचं अर्धं काम आपोआप होतं. वाचायला हे फार सोपं वाटतं. पास येतोय हे दिसलं की माझं सगळं अंग ताठ व्हायचं, घोटासुद्धा. ताठ पायावर चेंडू आदळला की तो हातभर उडून समोरच्याच्या पायात जाऊन पडतो. करायचं एवढंच असतं: पावलाची आतली बाजू पुढे करायची आणि चेंडू टेकतोय त्या क्षणी पाय किंचित मागे घ्यायचा. किंवा टर्फवरची सगळ्यात उपयोगी युक्ती, टाच खाली, चवडा वर, आणि चेंडू तळव्याखाली हलकेच दाबून धरायचा. हे शिकायला भिंत लागते. आमच्या सोसायटीची मागची कंपाउंड वॉल मला मिळाली. प्लॅस्टर निघालेल्या जागी चेंडू लागला की वाकडा परत येतो, आणि हे वाकडं येणं वरदानच ठरलं, कारण टर्फवर सरळ पास देतो कोण? तळमजल्यावरच्या काकूंनी सुरुवातीला खिडकी लावून घेतली. नंतर त्या खिडकीत भाजी निवडत बसायला लागल्या. "आज आवाज एकसारखा येतोय," असं एकदा म्हणाल्या. माझ्या फुटबॉलचं इतकं नेमकं परीक्षण कुणी केलेलं नाही. चेंडू नीट मारला की भिंतीतून एका तालात आवाज येतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

४. चेंडू यायच्या आधी बघून घ्यायचं असतं. चेंडू पायात आला की मग बघू, असं म्हणणाऱ्याला बघायला वेळच मिळत नाही. गेयर यॉर्डेट नावाच्या नॉर्वेजियन अभ्यासकाने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती तपासून, पास मिळण्याआधी कोण किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतो ते मोजलं आहे. जे जास्त वेळा बघतात त्यांचे पास जास्त पोचतात. हे वाचून मी दर दोन सेकंदांनी मान वळवायला लागलो. मान वळत होती, दिसत काहीच नव्हतं. नुसते रंग, निळे बिब आणि केशरी बिब. मग स्वतःला एकच प्रश्न ठरवून दिला: माझ्या पाठीशी कुणी आहे का? उत्तर हो किंवा नाही. असेल तर चेंडू आला तसा परत द्यायचा, नसेल तर वळायचं. एवढ्या एका प्रश्नावर बरेच महिने निभावले. दुसरा प्रश्न अजून झेपत नाही, पण एका प्रश्नाच्या बळावर माणूस बराच हुशार दिसू शकतो.

५. तोंड चालवणं हे पहिल्याच दिवशी येऊ शकणारं एकमेव कौशल्य आहे. हे मला गोली म्हणून उभं राहताना कळलं. आमच्यात कायमचा गोली कुणी नाही. प्रत्येकाने दोन गोल खाईपर्यंत उभं राहायचं असा फेरा असतो, आणि आपली पाळी आली की पोरांना नेमका फोन येतो. मी मात्र हौसेने उभा राहायला लागलो, पहिल्यांदा श्वास मिळावा म्हणून आणि नंतर तिथून सगळा खेळ दिसतो म्हणून. पुढे खेळताना जो गोंधळ वाटतो त्यात मागून बघितलं की रिकाम्या जागा दिसतात. त्या दिसल्या की सांगायच्या. "मागे आहे!" "एकटा आहेस!" "सोड!" हाका तीनच. पण आम्ही ज्या घरात वाढलो तिथे ओरडणं असभ्य आणि अनोळखी माणसाला अहो-जाहो. एकदा बाहेरून आलेल्या एका वयस्कर डॉक्टरांना मी "अहो, तुमच्या मागे आहेत" असं म्हणेपर्यंत गोल झालेला होता. टर्फवर अहो म्हणायला वेळ नसतो. पोरंही ऑफिसात सर म्हणतात आणि तिथे "काका, पास!" करतात. पहिल्यांदा जिव्हारी लागलं होतं. आता काका म्हटलं की कळतं, कुणीतरी रिकामा आहे. गोलीला दिलेला पास हाताने धरायचा नाही, हा मोठ्या फुटबॉलमधला नियम १९९२ पासूनचा. आमच्याकडे तो कोण हरतंय त्यावर लागू होतो.

६. बचावात शहाणपण चेंडू हिसकावण्यात नाही, उडी न मारण्यात आहे. समोरून कुणी चेंडू घेऊन आला की माझ्या पायाला खाज सुटायची. घालायचो पाय. एकदा विशीतला एक पोरगा, बुटाचा तळवा निघालेला, चिकटपट्टीने गुंडाळलेला, माझ्यासमोर येऊन थांबला. त्याने काहीच केलं नाही. नुसता उजवा खांदा किंचित खाली घेतला. मी त्या खांद्यावर विश्वास ठेवून उजवीकडे गेलो आणि चेंडू माझ्या दोन्ही पायांच्या मधून निघून गेला. तो पळत माझ्या बाजूने जाताना "सॉरी काका" म्हणाला, ते मनापासून होतं हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्यानंतर कोल्हापूरकराने उभं राहायला शिकवलं. चेंडू आणि आपला गोल यांच्या मध्ये, समोरच्यापासून हातभर अंतरावर, अंग थोडं तिरकं, गुडघे वाकलेले, आणि नजर चेंडूवर. खांदे, कंबर, डोळे सगळे खोटं बोलतात. चेंडू खोटं बोलत नाही. समोरच्याला बाहेरच्या जाळीच्या बाजूला ढकलत न्यायचं आणि वाट बघायची. लहान टर्फवर दोन-तीन सेकंद काढले तरी आपला कुणीतरी मदतीला येतोच, आणि घाई झालेला पोरगा स्वतःच चूक करतो. नवशिक्याने गोल करण्याच्या नादापेक्षा हे आधी शिकावं असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण याला पायात कला लागत नाही, संयम लागतो, आणि चाळिशीत तेवढा एकच माल आपल्याकडे पोरांपेक्षा जास्त असतो. तोही काही रोज नसतो.

७. फुटबॉल बघायचा कसा हे मला कोल्हापुरात कळलं. आमच्या कोल्हापूरकराबरोबर राजर्षी शाहू स्टेडियमवर एक सामना बघायला गेलो होतो. महाराष्ट्रात बाकी सगळीकडे क्रिकेटचं राज्य असताना या एका शहरात पेठा फुटबॉलवरून भांडतात. कुस्तीच्या तालमींच्या नावांनी संघ आहेत: पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी मंडळी. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला, हे मला स्टेडियमच्या दारापासून जागेवर बसेपर्यंत तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ कागदात भडंग घेऊन बसले होते. मी चेंडू जाईल तिकडे मान फिरवत होतो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पाव्हणं, बॉलकडं काय बघताय? त्यो काय पळून जात न्हाई. त्या आठ नंबरकडं बघा." बघितलं. आठ नंबरच्या पायात चेंडू नव्हताच. तो हळूच बाजूला सरकत होता, त्याच्यावर लक्ष ठेवणारा त्याच्यामागे ओढला जात होता, आणि मधोमध एक बोळ मोकळा पडत होता. पुढचा पास बरोबर त्या बोळातून गेला. आठ नंबर तोवर पाठ करून परत फिरलेला. "बघितलासा?" म्हातारबांनी विचारलं आणि भडंग पुढे केलं. सभोवतालच्या पाच-सात लोकांनी त्या आठ नंबरला नावाने दाद दिली, ज्याने चेंडूला शिवलंसुद्धा नव्हतं. माझ्या दीड मिनिटाच्या हिशेबाला इतका तयार प्रेक्षक भेटेल असं वाटलं नव्हतं. परतताना गाडीत मी आठ नंबरबद्दल बोलत राहिलो आणि कोल्हापूरकर झोपून गेला. त्याला त्यात नवीन काही नव्हतं.

८. शरीर बिल पाठवतं आणि उशिरा पाठवतं. टर्फला बारीक रबरी फुगवट्यांचे बूट लागतात. लांब स्टडचे बूट कृत्रिम गवतात रुततात, पाऊल अडकतं आणि गुडघा फिरतो. गुडघ्यावर घसरलं की भाजल्यासारखं सोलवटतं. जुन्या टायरच्या चुऱ्याचे काळे दाणे मोज्यातून घरभर होतात; आमच्या घरी ते उशीखाली सापडले आहेत आणि त्यावर झालेली चर्चा इथे देत नाही. अंग गरम करण्याबद्दल मात्र सांगतो, कारण त्याला सगळे हसतात. फिफाने '११ प्लस' नावाचा वीसेक मिनिटांचा व्यायामक्रम हौशी खेळाडूंसाठी बसवून घेतला आहे: सावकाश धावणं, एका पायावर तोल, उड्या, मांडीच्या मागच्या स्नायूंना ताण. दुखापती त्याने खरंच कमी होतात, असं अभ्यासात दिसलं आहे. अडचण एकच, टर्फचं भाडं मिनिटावर असल्यासारखं प्रत्येकाला वाटतं, त्यामुळे आत कुणी व्यायाम करत नाही. मी पार्किंगमध्ये करतो. त्यातला एक प्रकार गुडघ्यांवर बसून, कुणीतरी घोटे धरल्यावर, सरळ पाठीने हळूहळू पुढे झुकायचा आहे. तिथला वॉचमन माझे घोटे धरतो. पहिल्यांदा त्याने विचारलं होतं, "साहेब, नक्की काय झालंय?"

९. गोल कुठून होतात हे बघितलं तर अहंकाराला थोडा धक्का बसतो. माझे बहुतेक गोल दोन-तीन फुटांवरून झालेले आहेत. चेंडू एका बाजूने आत येतो, सगळे तिकडे धावतात, आणि लांबच्या खांबापाशी मी एकटा उभा असतो. पाय लावायचा. एकदा तर नडगी लावली. पोरं त्याला गोल म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात. लागेल ते म्हणा, त्या खांबापाशी पोचायला जी धाव लागते ती बहुतेक वेळा फुकट जाते. ती दर वेळी धावणारा आमच्यात मी एकटाच आहे, आणि तेवढं श्रेय मी घेणार.

१०. चांगला खेळाडू आपल्याला चांगला भासवतो, आणि आपल्याला ते कळतही नाही. बराच काळ माझी अशी समजूत होती की माझा पहिला स्पर्श आता सुधारला आहे. मग एका रात्री कोल्हापूरकर आला नाही आणि माझ्याकडे येणारा प्रत्येक पास निसटायला लागला. भिंतीचा सराव तोच, बूट तेच. दोन दिवस विचार केला. मग उलगडलं: तो मला नेहमी उजव्या पायावर पास देत होता. माझ्या पाठीशी कुणी असेल तर थोडा पुढे, नसेल तर थेट पायात, आणि वेग मला पेलेल इतकाच. बाकीचे नुसते माझ्याकडे चेंडू पाठवत होते. त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. एवढी मोठी खैरात तोंडावर मान्य करायला जड जातं. फक्त पुढच्या वेळी चहाचे पैसे मी दिले आणि त्याने का म्हणून विचारलं नाही. आता मी भिंतीवर फक्त डाव्या पायाने मारतो. काकूंच्या अडेनियमची एक कुंडी गेली, ती भरून दिली. आवाज अजून एकसारखा येत नाही, असं त्या म्हणतात. आणि गेल्या शुक्रवारी कोल्हापूरकराने मला पहिल्यांदा डाव्या पायावर पास दिले, एकामागून एक, माझ्याकडे न बघता. सगळे बाहेर गेले.